कोळशावरची मोटार

आमच्या घरी मोटार आली तेव्हा ती पुढून मोटार होती आणि मागून काहीच नव्हती. बार्शीच्या एका वकिलांची ती जुनी गाडी. मागच्या बैठका उंदरांनी खाल्लेल्या, वरचं कापडी छत फाटलेलं. विकणाऱ्यानं सरळ मागचा भाग करवतीनं उडवला आणि इंजिन, चार चाकं न् चालवणाऱ्याची जागा एवढंच माझ्या धाकट्या काकांच्या गळ्यात मारलं. बसूकाका ती चालवत येरमाळ्यात शिरले तेव्हा त्यांच्या खाली गादीच्या जागी लाकडी खोकं होतं आणि पाठीमागं दोन लोखंडी दांडे उघडे पडले होते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, भुसाराच्या दुकानाच्या ओट्यावरून खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बसू, राह्यलेली कवा येनार हाय?"

राहिलेली आम्ही घरीच केली. गावच्या सुतारानं बाभळीच्या फळ्यांचा हौदा करून दांड्यांवर बसवला. पोती भरली की मागची बाजू बसकण मारायची, म्हणून काकांनी एका मोडक्या टांग्याचे स्प्रिंगचे पाटे आणले आणि मूळच्या पाट्यांखाली कसून बांधले. टायर फाटला की जुन्या टायरचा तुकडा कापून आतून लावायचा. पाण्याच्या पंपाला चामड्याची चकती लागायची, ती फुटक्या मोटेच्या चामड्यातून कातरायची. माझ्या नातवाकडं आता पिकअप आहे. परवा त्यानं तिलाही मागं दोन पाटे वाढवून घेतले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "आजी, माल जास्त बसतोय." मी नुसती हसले. त्याला वाटलं, आजीला यातलं काय कळतंय.

गावात मुलींची शाळा चौथीपर्यंत होती आणि माझी ती संपली होती. घरात पाणी, शेण, निवडणं-टिपणं ही कामं आटोपली की मी गोठ्याकडं पळायची, कारण मोटार गोठ्यात होती आणि मोटारीपाशी काका होते. काकांची एक खोड मला फार आवडायची. त्यांना काही विचारलं तर ते सांगत बसायचे नाहीत, उघडून दाखवायचे. हे चाक आत काय घेऊन फिरतं, असं मी एकदा विचारलं तर त्यांनी चाक काढलं, टोपी काढली, आतल्या गोळ्या वंगणासकट माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाले, "घे, मोज बरं." माझ्या परकराला त्या वंगणाचे डाग पडले ते कधी गेले नाहीत.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ती मोटार डोळ्यांसमोर नको होती. अव्वाचं माहेर लोहाऱ्याकडचं. चिडली की ती कानडीत बोलायची, आणि मोटार आल्यापासून आमच्या घरात कानडी फार ऐकू यायला लागलं. गोठ्याची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. पेट्रोलचा वास भिंतीवरून यायचा, लिंगपूजेला बसलं की नाकात शिरायचा, वर गाय पान्हा चोरायला लागली. काका हँडल मारायला लागले की ती तव्यापासूनच ओरडायची, "साकु, साकु! पुरे कर ते!" काका तिच्या लग्नात एवढेसे पोर होते आणि तिनंच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळं ते तिच्यापुढं गप्प उभे राहायचे आणि ती आत गेली की पुन्हा हँडल मारायचे.

पण डोकं मात्र तिचंही चालायचं. एकदा मोटारीच्या पुढच्या पाण्याच्या जाळीला बारीक भोक पडलं आणि पाणी टिपूस टिपूस गळायला लागलं. बार्शीच्या मिस्त्रीनं काकांना सांगितलं होतं की अंडं फोडून आत टाका, शिजून भोकात बसतं. आमच्या लिंगायताच्या घरात अंडं! काका दोन दिवस ते अंडं घराबाहेरच्या बाहेर कसं टाकता येईल या विचारात होते. अव्वानं दारातूनच ऐकलं. म्हणाली, "जवस घाल की उकडून. कढईला चिकटलं तर निघता निघत न्हाय." काकांनी जवसाचं पाणी आत ओतलं, इंजिन तापवलं, आणि गळती थांबली. काका तिच्या पाया पडायला गेले तर ती म्हणाली, "ती तुझी मोटार गोठ्यातून काढ, मग पड."

तेव्हा तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. लढाई आमच्या गावाला दिसली नाही, फक्त पेट्रोल दिसेनासं झालं. सरकारी चिठ्ठीवर जे मिळायचं त्यात मोटार बार्शीला जायची पण परत यायला पुरायचं नाही. करडी आणि शेंगांची पोती पुन्हा बैलगाडीत चढली आणि मोटार गोठ्यात बसून राहिली. शेजारच्या कोंबड्या हौद्यात झोपायला लागल्या. अप्पा एकदा जेवताना म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर दिऊन टाकू." काकांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली.

मग एकदा काका बैलगाडीबरोबर बार्शीला गेले आणि परत आले ते वेड लागल्यासारखे. तिथल्या स्टँडवर त्यांनी एक बस बघितली होती. बसच्या मागं आंघोळीच्या बंबासारखं मोठं नळकांडं, त्यात कोळसा पेटवलेला, आणि बस पेट्रोलवाचून चालत होती. काका बस सुटेपर्यंत तिच्या भोवती फिरले, वाकून खालून बघितलं, कंडक्टरनं हाकललं तर दुसऱ्या बाजूनं गेले. घरी येऊन त्यांनी अंगणात काडीनं ते सगळं काढून मला दाखवलं. कोळसा पुरता जळू द्यायचा नाही, हवा बेतानं द्यायची. मग त्यातून एक वायू निघतो, तो गार करायचा, गाळायचा, आणि इंजिनात सोडायचा. मी विचारलं, "काका, त्यो वायू दिसतो का?" काका म्हणाले, "न्हाय गं. त्येचंच तर नवल हाय."

असलं यंत्र तयार विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ते घरी करायचं ठरलं. पत्र्याचं काम करणारे मौलाचाचा आमच्या आळीच्या टोकाला राहायचे. गावातल्या बादल्या, पेट्या, कणग्यांची झाकणं सगळं त्यांच्या हातचं. काकांनी डांबराचं रिकामं पिंप त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं. चाचांनी दाढी खाजवली. "बसू, तू मोटार बना रा की हमाम बना रा?" पण त्यांनाही त्या गोष्टीनं धरलं. चार दिवस त्यांच्या हातोडीची ठकठक साऱ्या आळीत वाजत होती. हौद्यामागं बसवलेल्या पिंपात खाली जाळी, बाजूला हवेचं भोक, वर घट्ट झाकण, तिथून वेडीवाकडी नळी हौद्याखालून फिरवत पुढं आणलेली. कोळसा पेटवायला लोहाराकडचा हातानं फिरवायचा पंखा आणला. तो फिरवायचं काम माझं. माझे दंड त्या हिवाळ्यात मुलासारखे झाले, असं अव्वा म्हणायची.

पहिले किती दिवस नुसता धूर झाला. सांधे गळायचे. काकांनी चिखल लावला, तो तापून तडकायचा. शेवटी अव्वाच बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "चुलीला कुनी असली माती लावतंय का?" तिनं गढीची पांढरी माती चाळून घेतली, त्यात राख, मीठ आणि बारीक भुसा घातला, आणि कणकेसारखी मळून दिली. ती माती तडकली नाही. मग राखेचा त्रास सुरू झाला. वायूबरोबर राख इंजिनात जायची, आणि इंजिन दम्याच्या माणसासारखं खोकून बंद पडायचं. आधी फडकं बांधून बघितलं, ते जळालं. मग मी कुंपणावरची वाळलेली घोसाळी तोडून आणली. त्यांची आतली जाळी आम्ही अंग घासायला वापरायचो. काकांनी एका डब्यात ती दाबून दाबून भरली आणि वायू त्यातून सोडला. राख जाळीतच अडकली. काकांनी माझ्या डोक्यावर काळा हात ठेवला. तो केसांतला काळेपणा धुताना अव्वा कानडीत बोलत होती.

तरीही मोटार चालेना. थोडं पेट्रोल घालून ती सुरू करायची, मग पेट्रोलची तोटी बंद करून वायू सोडायचा, असं ते होतं. पेट्रोलवर सुरू व्हायची, वायू सोडला की आचके देऊन मरायची.

एका दिवशी वारा भलताच होता. वाऱ्यानं पिंपातला विस्तव एकदा भडकायचा, एकदा विझायचा. काका वैतागले आणि त्यांनी गोठ्याची दोन्ही दारं लावून घेतली. जनावरं बाहेर बांधलेली होती. आत अंधारासारखं झालं, फक्त पिंपाच्या भोकातला लाल उजेड. मी दाराच्या फटीपाशी बसून पंखा फिरवत होते. काकांनी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, तोटी बंद केली, वायू सोडला. आचके सुरू झाले. मग काकांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. हातातल्या, मोटार वळवायच्या चाकाखाली एक बारकी दांडी असते, तिनं ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. ती दांडी ते नेहमी एकाच जागी ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी ती पार खालपर्यंत ओढली, आणि हवेची झडप माझ्या करंगळीएवढी उघडी ठेवली. आचके थांबले. इंजिन चालायला लागलं. पेट्रोलवर चालतं तसं फटफटत नाही, तर खालच्या आवाजात, जातं फिरल्यासारखं. काका त्या आवाजाकडं बघत होते, जणू आवाज डोळ्यांना दिसतोय. बऱ्याच वेळानं ते ओरडले, "गंगे, जा, वैनीला बोलाव! पळ!"

मी दार लोटून पळाले. बाहेर आल्यावर डोकं गरगरलं, पण आनंदानं गरगरलं असं वाटलं. अव्वाची भाकरी तव्यावर होती. "भाजू दे की गं," ती म्हणाली. मी तिचा पदर ओढत उभी राहिले. ती भाकरी उतरवून हात पुसत निघाली तोवर आवाज थांबला होता.

काका मोटारीच्या पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. चेहरा तांबूस, जत्रेतून उन्हानं तापून आल्यासारखा. अव्वा म्हणाली, "बघ, दिवसा झोपलाय." तिनं खांदा हलवला. काका एका कुशीवर कलंडले. तिनं त्यांच्या काखेत हात घातले आणि एवढ्या मोठ्या माणसाला शेणातून, उंबऱ्यावरून ओढत अंगणात आणलं. मग ती ओरडली, मराठीत की कानडीत ते मला आठवत नाही, आणि मौलाचाचा हातातली हातोडी तशीच घेऊन धावत आले. त्यांनी गोठ्याकडं बघितलं, पिंपाकडं बघितलं. "दारं बंद करके? या अल्ला! सिगडी है ना, बंद कोठडी में लोगां ऐसेच जातेत. हवा सोडो, सरको सगळे!" वाऱ्याच्या तोंडाला त्यांना निजवलं. अव्वा त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती. अप्पा दुकान उघडं टाकून आले आणि नुसते उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. काकांनी एकदम मोठा श्वास ओढला, ओकले, आणि डोळे उघडून विचारलं, "वारा पडला का?"

ते वाचले. पण डोकं ठणकत राहिलं, उजेड सहन व्हायचा नाही, आणि एक विचित्र गोष्ट झाली. त्या दिवसातलं त्यांना काही आठवेना. वारा होता, दारं लावली, इथपर्यंत आठवायचं. पुढं कोरं. मी त्यांना सांगितलं, "काका, मोटार चालली हुती. वायूवर." ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "चालली असती तर मला कळलं नसतं का गंगे?"

अप्पांनी निकाल दिला होता. पिंप काढायचं, फोडायचं, आणि मोटार जे येईल त्याला द्यायची. काका अंथरुणावर बसून ऐकत होते आणि त्यांनी मान हलवली. मला ते बघवेना. मी मध्येच बोलले, मोठी माणसं बोलताना आमच्या घरात मुली बोलत नसत. म्हणाले, "अप्पा, चालली हुती. म्या बघितलीया."

अप्पा रागावले नाहीत. "अगं, पेट्रोल घातलं हुतं ना आधी? नळीत राह्यलेलं जळालं आसंल. तुला वाटलं वायू."

"तोटी बंद केल्ती."

"पोरी, जाऊ दे आता."

अव्वा भिंतीशी बसून शेंगा फोडत होती. तिला ती मोटार पहिल्या दिवसापासून नको होती. दीर मरता मरता वाचला होता. गप्प बसली असती तर दुसऱ्या दिवशी गोठा मोकळा झाला असता, आणि तिला कुणी काही विचारलंही नसतं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"नळीत राह्यलेलं पेट्रोल किती येळ जळतंय रं, बसू?"

काका म्हणाले, "घसा खाकरूस्तोवर."

"मग ते पेट्रोल नव्हतं," अव्वा म्हणाली. "म्या पीठ मळाया घेतलं तवा फडताळातल्या वाट्या थरथराया लागल्या. भिंतीपलीकडं मोटार चालली की वाजतात त्या. पहिली भाकर झाली तरी वाजतच हुत्या. ही मला बोलवाया आली तरी वाजत हुत्या. दुसरी तव्यावरनं उतरवली, तवा थांबल्या." ती अप्पांकडं वळली. "मला काय ती मोटार ठिवायची हौस न्हाय. पर पोरगी खोटं बोलत न्हाय."

काकांनी पांघरूण बाजूला केलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटतं, त्या घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी असं विचारलं, ज्याचं उत्तर फक्त माझ्यापाशी होतं. "गंगे, म्या काय काय केलतं? समदं सांग. सावकाश."

मी दांडीचं सांगितलं. झडपेचं सांगितलं. ते म्हणाले, "दांडी पार खाली? म्या?" आणि स्वतःशीच पुटपुटायला लागले, की वायू पेट्रोलपेक्षा हळू पेटत असणार, म्हणून ठिणगी आधी पडायला पाहिजे, आणि हे आधी कसं सुचलं नाही. "सुचलं हुतं की," मी म्हणाले. त्यावर अप्पासुद्धा हसले.

अव्वानं अट घातली. मोटार पुन्हा कधी छपराखाली पेटवायची नाही. काकांना उभं राहण्याची ताकद आल्यावर आम्ही ती ढकलत गावाबाहेरच्या माळावर नेली. मौलाचाचा, अप्पा, दुकानातले हमाल, सगळे ढकलायला. मी पंखा फिरवला. चाचांनी नळीच्या तोंडाशी काडी धरली. उन्हात ज्वाळ दिसली नाही, पण चाचांच्या हातावरचे केस जळाले तेव्हा कळलं की वायू आला. काकांनी तोटी बंद केली आणि माझ्याकडं बघितलं. मी दांडी दाखवली, मग करंगळी वर केली. जात्यासारखा तो आवाज माळावर सुरू झाला आणि थांबला नाही. काका खाली उतरून बॉनेटला कान लावून उभे राहिले. मला तो आवाज ओळखीचा होता. ते मात्र तो पहिल्यांदा ऐकत होते. मला कधी कधी वाटतं, एवढी मोठी गोष्ट आपल्या हातून झाली आणि ती पुन्हा नव्यानं ऐकायला मिळाली, असं किती जणांच्या वाट्याला येतं?

त्यानंतर घरात खपली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, झाली आणि मोटार पुन्हा पोती घेऊन निघाली. पहिल्या खेपेला अव्वा हट्टानं बरोबर आली, बसूला एकट्याला सोडणार नाही म्हणून. बार्शीहून परतताना घाटाचा चढ लागला आणि वायूवरच्या मोटारीचा दम संपत आला. काकांनी आम्हाला उतरायला सांगितलं. मी मागं चालत लोखंडी गजानं पिंपातला कोळसा हलवत होते, आणि अव्वा पदर खोचून पुढं निघाली. ती मोटारीच्या पुढं गेली. वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही धापा टाकत, कण्हत माथ्यावर पोचलो तर ती एका दगडावर बसून कडक भाकरी न् चटणी खात होती.

"या," ती म्हणाली. "जेवान झालं माझं."

काका म्हणाले, "बसा वैनी, आता उतार हाय."

अव्वा पुढच्या खोक्यावर, काकांच्या शेजारी बसली. मला मध्ये घेतलं. थोडा वेळ ती रस्त्याकडं बघत राहिली, मग वाकून काकांच्या हातातल्या चाकाखालची ती बारकी दांडी न् झडप बघितली, मग मान वळवून मागच्या पिंपाकडं. गाव दिसायला लागलं होतं. तिनं काकांच्या दंडाला बोट लावलं.

"बसू, आतमंदी नेमकं काय जळतंय रं?"

काकांनी मोटार रस्त्याच्या कडेला उभी केली, खाली उतरले आणि पिंपाचं झाकण उघडायला लागले. अव्वा त्यांच्यामागोमाग उतरली.